कुत्र्या-मांजरांमधला हाडांचा कर्करोग : लंगडण्यापासून निर्णयापर्यंत

मोठ्या चणीचा कुत्रा, वय सहा-सात वर्षांच्या पुढे, एका पायाने लंगडतो आणि दोन आठवडे औषध देऊनही फरक नाही, असे असेल तर त्या पायाचा एक्स-रे त्याच आठवड्यात काढून घ्या. या आजारात सगळ्यात जास्त नुकसान होते ते ‘मुरगळला असेल, बघू अजून थोडे दिवस’ या वाक्याने. तेवढ्या दिवसांत हाड आतून पोखरले जाते आणि कुत्रा वेदना सहन करत राहतो. कुत्री दुखण्याने ओरडत नाहीत. ती पाय उचलून धरतात, कमी खेळतात, जास्त झोपतात, आणि घरच्यांना वाटते की वय झाले.

कुत्र्यांच्या हाडांत सुरू होणाऱ्या गाठींपैकी सुमारे ८५ टक्के गाठी ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाड तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग, या एकाच प्रकारच्या असतात. कॉन्ड्रोसार्कोमा, फायब्रोसार्कोमा, हिमँजिओसार्कोमा हे उरलेले प्रकार त्या मानाने क्वचित दिसतात. म्हणून हा लेख मुख्यतः ऑस्टिओसार्कोमाबद्दल आहे. मांजरांमध्ये हाच आजार इतका वेगळा वागतो की त्यांच्यासाठी शेवटी स्वतंत्र भाग दिला आहे. मांजर पाळणाऱ्यांनी कुत्र्यांचे आकडे वाचून घाबरून जाऊ नये.

कुणाला होतो, कुठे होतो

जातीपेक्षा आकार महत्त्वाचा. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, आयरिश वुल्फहाउंड, ग्रेहाउंड यांच्यात जास्त. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यातही नेहमी दिसतो. साधारण वय सात वर्षे, पण दीड-दोन वर्षांच्या कुत्र्यांमध्येही एक छोटा गट सापडतो. ‘अजून लहान आहे, कर्करोग कसा असेल’ असे म्हणून एक्स-रे टाळू नका. रॉटवायलरमध्ये एक वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांना धोका जास्त असतो असे अभ्यासात दिसले आहे, म्हणून या जातीत नसबंदीचे वय डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

जागा ठरलेल्या असतात. पुढच्या पायात कोपरापासून लांब: म्हणजे खांद्याजवळ दंडाच्या हाडाचे वरचे टोक, किंवा मनगटाच्या लगेच वर. मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास: मांडीच्या हाडाचे खालचे टोक किंवा नडगीचे वरचे टोक, कधी नडगीचे खालचे टोकही. पुढच्या पायांत हा आजार मागच्या पायांच्या साधारण दुप्पट होतो. घरी तपासताना याच जागांवरून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हात फिरवा आणि डाव्या-उजव्याची तुलना करा. एका बाजूला टणक, हाडाला चिकटलेली, दाबल्यावर कुत्रा मान वळवेल अशी सूज लागली तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका.

जबडा, कवटी, बरगड्या, मणके, कटीचे हाड इथेही हा आजार होतो. जबड्यातल्या गाठी दात हलणे, तोंडातून रक्त येणे, एकाच बाजूने चावणे अशा खुणा देतात. कुत्र्याच्या खालच्या जबड्यातली गाठ कडेच्या निरोगी हाडासकट पूर्ण काढता आली, तर पुढचा काळ पायाच्या गाठीपेक्षा बरा जातो.

निदान कुठे भरकटते

आपल्याकडे लंगडणाऱ्या कुत्र्याला पहिल्यांदा गोचीड ताप समजला जातो, आणि ते चूक म्हणता येत नाही. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकिया या जंतूमुळे सांधे सुजतात, पाय दुखतात. डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक सुरू होते, सोबत वेदनाशामक दिले जाते, आणि वेदनाशामकामुळे चार-सहा दिवस लंगडणे कमी होते. सगळ्यांना वाटते औषध लागू पडले. गोळी थांबली की पाय पुन्हा वर. ही वर-खाली होणारी सुधारणा फसवी आहे. गोचीड तापात बहुधा एकापेक्षा जास्त सांधे दुखतात, आणि योग्य उपचार मिळाला की सुधारणा टिकते. एकच पाय, एकच जागा, आणि गोळी थांबताच परत दुखणे असेल तर रक्त तपासणीवर न थांबता एक्स-रे मागून घ्या. दोन्ही आजार एकाच कुत्र्यात असू शकतात हेही लक्षात असू द्या.

दुसरी फसगत कॅल्शियमच्या सिरपची. मोठ्या जातीचा कुत्रा लंगडला की घरचे कॅल्शियम वाढवतात. त्याने या आजारात काहीही होत नाही, आणि महिना निघून जातो. तिसरी गोष्ट मात्र थेट इजा करते: तेल लावून चोळणे, शेकणे, किंवा हाड बसवणाऱ्याकडे नेणे. गाठीने पोखरलेले हाड चोळताना किंवा ओढताना मोडते.

गुडघ्यातला लिगामेंट तुटणे, कंबरेच्या सांध्याचा जुना दोष, संधिवात, हाडातला जंतुसंसर्ग किंवा बुरशी, दुसऱ्या अवयवातून हाडात पसरलेला कर्करोग, या सगळ्यांत लंगडणे सारखेच दिसते. म्हणून बोटाने दाबून निदान करणाऱ्यावर विसंबू नये.

पहिला एक्स-रे कसा हवा

एक्स-रे खराब निघाला तर सगळे पुढचे निर्णय खराब होतात, म्हणून इथे थोडा हट्ट धरा.

पायाच्या दोन दिशांच्या फिल्म हव्यात, एक बाजूने आणि एक समोरून. एकाच दिशेच्या फिल्ममध्ये सुरुवातीची गाठ लपते. दुखत असलेल्या पायाला ताणून धरावे लागते, त्यामुळे हलकी गुंगी देऊन काढणे बरे: कुत्र्याला त्रास कमी, फिल्म स्वच्छ, आणि झटापटीत हाड मोडण्याची भीती नाही. दुखरी जागा फिल्मच्या मध्यावर यावी. बऱ्याचदा कोपर किंवा मनगट समजून फिल्म घेतली जाते आणि खांदा चौकटीबाहेर राहतो.

डॉक्टर फिल्ममध्ये काय पाहतात ते माहीत असले तर बोलणे सोपे जाते. हाडाच्या टोकाजवळ काही भाग विरलेला आणि काही भाग वेडावाकडा वाढलेला, हाडाच्या कडेने किरणांसारख्या बारीक रेषा, आणि जिथे हाडाचे आवरण उचलले गेले तिथे छोटा त्रिकोण, ही चित्रे संशय वाढवतात. ऑस्टिओसार्कोमा सहसा सांधा ओलांडून पलीकडच्या हाडात जात नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंची हाडे खराब दिसली तर संसर्ग किंवा सांध्यातली गाठ यांचा विचार आधी होतो.

त्याच दिवशी छातीच्या तीन फिल्म घ्या: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, आणि पाठीवर झोपवून. कुशीवर झोपल्यावर खालचे फुप्फुस दबते आणि त्यातल्या गाठी दिसेनाशा होतात, म्हणून दोन्ही कुशी लागतात. एक्स-रेमध्ये साधारण ६ ते ८ मिलिमीटरपेक्षा लहान गाठ दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये त्याहून बरीच लहान दिसते. निदानाच्या वेळी फिल्ममध्ये फुप्फुसात गाठी दिसणाऱ्या कुत्र्यांचे प्रमाण १५ टक्क्यांपेक्षा कमी असते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी सुमारे ९० टक्के कुत्र्यांत तोवर पसरलेल्या असतात. किमोथेरपी का सुचवली जाते याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. ‘छाती स्वच्छ आहे’ याचा अर्थ ‘आज दिसण्याइतके मोठे काही नाही’ एवढाच घ्यावा.

मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा जिल्ह्यात शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय अशा शिक्षणसंस्थांच्या दवाखान्यांत शल्यचिकित्सा आणि एक्स-रेचे स्वतंत्र विभाग असतात. गावाकडून जाणाऱ्यांनी आधीच्या फिल्म, रक्ताचे अहवाल आणि दिलेल्या गोळ्यांची नावे-तारखा एका कागदावर लिहून सोबत न्याव्यात.

सुईने की बायोप्सीने

आधी सुईची तपासणी करून पाहावी. सोनोग्राफीने हाडाच्या वरच्या कवचातली फट शोधून १८ ते २० गेजच्या सुईने पेशी ओढतात. पेशी हाडाच्या गाठीसारख्या दिसल्या तर अल्कलाइन फॉस्फेटेज (हाड बनवणाऱ्या पेशींत आढळणारे एक विकर, एन्झाइम) दाखवणारा रंग देऊन ऑस्टिओसार्कोमा बराचसा पक्का करता येतो. त्यासाठी दोन-तीन काचपट्ट्या रंग न देता राखून ठेवायला सांगा. सगळ्या आधीच रंगवल्या तर ही संधी अवघड होते.

बायोप्सी करायची झाल्यास ८ ते ११ गेजची जमशिदी सुई, म्हणजे हाडाचा तुकडा काढणारी जाड पोकळ सुई, वापरतात. नमुना गाठीच्या मध्यातून घ्यावा. कडेला शरीराने प्रतिक्रिया म्हणून तयार केलेले नवे हाड असते, आणि तिथला नमुना ‘कर्करोग नाही’ असा खोटा दिलासा देतो. सुई जिथून आत जाते तो मार्ग पुढच्या शस्त्रक्रियेत काढला जाणार असेल अशाच जागी छेद हवा. नमुना दहापट फॉर्मलिनमध्ये, आणि सोबत एक्स-रेची प्रत प्रयोगशाळेला. फिल्म न पाहता हाडाचा नमुना वाचणे पॅथॉलॉजिस्टलाही कठीण असते. हाड मऊ करूनच काप घेता येतात, त्यामुळे अहवालाला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतात.

वय, जात, जागा आणि फिल्म सगळे एकाच दिशेला बोट दाखवत असेल, आणि दुखण्यासाठी पाय काढायचाच ठरला असेल, तर बायोप्सी आधी न करता काढलेल्या पायाचा नमुना पाठवणे रास्त आहे. पोखरलेल्या हाडात आणखी एक भोक पाडून ते मोडण्याचा धोका टळतो.

रक्तात हिमोग्रॅम, मूत्रपिंड, यकृत आणि अल्कलाइन फॉस्फेटेज पाहावे. शस्त्रक्रियेआधी हे फॉस्फेटेज वाढलेले असेल तर पुढचा काळ सहसा कमी मिळतो. मात्र वाढत्या वयाच्या पिल्लांत आणि स्टेरॉइड चालू असताना ते तसेही वाढते. गोचीड तापाची तपासणी इथेच उरकून घ्या: प्लेटलेट आधीच कमी असलेल्या कुत्र्याला किमो दिली तर गोंधळ होतो.

पाय काढायचा का

हा प्रश्न घरात सगळ्यात जास्त रडवतो. ‘तीन पायांवर कसा जगेल’ असे विचारण्याआधी त्याच्याकडे नीट पाहा. बहुतेक कुत्रे तोवर तीन पायांवरच चालत असतात; चौथा पाय त्यांना फक्त दुखणे देत असतो. तो दुखरा पाय गेल्यावर बरेचसे कुत्रे दुसऱ्या दिवशी आधाराने उभे राहतात आणि दोन ते चार आठवड्यांत सरावतात. आम्हाला ठामपणे वाटते की, दुसरे पाय आणि मणका ठीक असतील तर पाय काढणे हा कुत्र्यावरचा अन्याय नाही. दुखरा पाय तसाच ठेवून सौम्य गोळ्यांवर महिनोन्‌महिने काढणे हा आहे.

उभ्या कुत्र्याचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. त्यामुळे पुढचा पाय गेलेल्याला तोल सांभाळायला थोडा जास्त वेळ लागतो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांकडून या गोष्टी तपासून घ्या: उरलेल्या तीन पायांचे सांधे, गुडघ्यांचे लिगामेंट, कंबरेचा एक्स-रे, मागच्या पायांची ताकद, आणि वजन. मागचे पाय लुळे पडत चाललेले असणे किंवा दोन्ही कंबरांत तीव्र संधिवात असणे ही खरी अडचण आहे. नुसते वय किंवा ग्रेट डेनसारखे मोठे शरीर ही अडचण नाही. जास्त वजन ही मधली अवस्था: शस्त्रक्रिया थांबवू नये, पण त्याच दिवसापासून आहार मोजायला लागावे.

पुढचा पाय सहसा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात आणि मागचा कंबरेच्या सांध्यातून किंवा मांडीच्या वरच्या भागातून. अर्धवट खुंट ठेवला तर तो जमिनीवर आपटून जखमा होतात, शिवाय गाठीपासून पुरेसे अंतर राहत नाही. मनगटाजवळच्या गाठीत पाय वाचवून फक्त हाडाचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया अस्तित्वात आहे. तिच्यात संसर्गाचे प्रमाण मोठे असते आणि प्लेट सैल होणे, पुन्हा गाठ येणे असे प्रकार होतात. ती करणाऱ्या अनुभवी हातांशिवाय तिच्या मागे लागू नये.

घर आधीच तयार करा. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरश्या तीन पायांच्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी पाडतात. पाण्याच्या भांड्यापासून अंथरुणापर्यंत आणि अंथरुणापासून दारापर्यंत रबरी मॅट किंवा योगा मॅटची सलग वाट करा. मधे मोकळी फरशी ठेवली तर तो मॅटच्या कडेवर अडकून राहतो. पंजांमधले केस आणि नखे कापून घ्या. पावसाळ्यात सोसायटीच्या ओल्या पायऱ्यांवरून त्याला उचलूनच न्यायचे. पहिले दोन आठवडे उड्या नाहीत, जिने नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा पट्ट्याने पाच-दहा मिनिटे फिरणे पुरे. मागचा पाय गेला असेल तर पोटाखालून टॉवेल घेऊन आधार द्या. पुढचा पाय गेला असेल तर जेवणाचे भांडे छातीच्या उंचीला ठेवा.

टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जखमेखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज येऊ शकते. बहुतेक वेळा ती आपोआप जिरते, घरी सुईने काढायला जाऊ नका, संसर्ग होतो. जखम गरम, लाल, वास येणारी, किंवा कुत्रा खायचा थांबला तर लगेच दाखवा. रात्री अचानक दचकून उठणे, नसलेल्या पायाच्या जागी वळून चाटणे, किंचाळणे हे नसांचे दुखणे असू शकते. त्यासाठी गॅबापेंटिन लागते, नुसते वेदनाशामक पुरत नाही. शस्त्रक्रियेआधीच ते सुरू करण्याबद्दल विचारा.

किमोथेरपी : वेळापत्रक आणि घरातली काळजी

नुसता पाय काढला तर निम्मे कुत्रे चार-पाच महिन्यांपेक्षा जास्त जगतात, निम्मे त्याआधी जातात. सोबत किमो दिली तर हीच मधली वेळ १० ते १२ महिन्यांवर जाते आणि साधारण पाचातला एक दोन वर्षे गाठतो. पूर्ण बरे होणे विरळ. हे आकडे आधी समजून मगच पैसे आणि मन गुंतवावे.

सर्वाधिक वापरले जाणारे औषध कार्बोप्लॅटिन: शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम, शिरेतून, दर तीन आठवड्यांनी, एकूण ४ ते ६ वेळा. पहिला डोस साधारण टाके निघताना. ३० किलोच्या कुत्र्याचा पृष्ठभाग सुमारे ०.९७ चौरस मीटर, म्हणजे डोस साधारण २९० मिलिग्रॅम. औषध १५० आणि ४५० मिलिग्रॅमच्या बाटल्यांत येते, तेव्हा बिल पाहताना हा हिशेब उपयोगी पडेल. डोस ठरवणे मात्र डॉक्टरांचेच काम. रक्त आणि मूत्रपिंड पाहून तो कमी करावा लागतो. डॉक्सोरुबिसिन ३० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर हा दुसरा पर्याय आहे, पण त्याआधी हृदयाची इको तपासणी लागते. ते शिरेबाहेर सांडले तर कातडी सडते, म्हणून सलाईनची सुई नवी आणि पक्की हवी.

प्रत्येक डोसआधी हिमोग्रॅम. पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल १,५०० ते २,००० च्या खाली असतील तर डोस आठवडाभर पुढे ढकलतात. ढकलला म्हणून नाराज होऊ नका. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उलटी, जुलाब, भूक कमी होणे असा त्रास येतो. मॅरोपिटंट किंवा ओंडान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारे औषध आधीच लिहून घ्या. पेशी सर्वात कमी होतात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी. या काळात रोज गुदद्वारातून तापमान मोजा. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०३ च्या वर गेले आणि तो मलूल असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना. घरात पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवणे म्हणजे संसर्ग झाकणे.

या काळात कच्चे मांस, कच्ची अंडी नकोत. डोसनंतर तीन दिवस लघवी-शी उचलताना हातमोजे घाला, बाहेर लघवीच्या जागी भरपूर पाणी ओता, मळलेली अंथरुणे वेगळी धुवा. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांनी ती कामे करू नयेत. कुत्र्याला जवळ घेण्यात, कुरवाळण्यात काही धोका नाही. माणसांसारखे सगळे केस गळत नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींत मात्र विरळ होतात.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी छातीच्या तीन फिल्म. फुप्फुसातल्या गाठी खूप मोठ्या होईपर्यंत खोकला येत नाही. घरी झोपेत श्वास मोजायची सवय लावा: मिनिटाला ३० च्या वर सतत राहिले तर दाखवा. चारही पायांच्या नळ्या एकदम जाड, गरम, दुखऱ्या झाल्या तर छातीतल्या गाठीची ती खूण असू शकते.

पाय काढणे शक्य नसेल तेव्हा

अशा वेळी ध्येय एकच, दुखणे. आणि एका गोळीने ते भागत नाही. तीन वेगवेगळ्या वाटांनी जावे लागते.

पहिली, सूज कमी करणारे वेदनाशामक: मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी ०.२ आणि नंतर रोज ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, किंवा कारप्रोफेन दिवसाला एकूण ४.४ मिलिग्रॅम प्रति किलो, किंवा फिरोकॉक्सिब ५ मिलिग्रॅम प्रति किलो. यातले एकच, जेवणासोबत. ३० किलोच्या कुत्र्याला मेलॉक्सिकॅम रोज ३ मिलिग्रॅम लागते. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमची असते. ‘अर्धी गोळी देऊ’ हा अंदाजही जास्त ठरतो. स्टेरॉइडसोबत हे कधीही नाही: पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो. काळी, डांबरासारखी शी दिसली तर गोळी थांबवून फोन करा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड ही घरातल्या डब्यातली औषधे कुत्र्याला नकोत. डायक्लोफिनॅकचा जनावरांसाठीचा वापर तर गिधाडांच्या मृत्यूंमुळे भारतात २००६ मध्येच बंद केला गेला.

दुसरी, नसांच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन, सुमारे १० मिलिग्रॅम प्रति किलो दर आठ तासांनी. म्हणजे ३० किलोला ३०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. पहिले दोन-तीन दिवस पेंगतो, मग सवय होते. माणसांचे द्रवरूप औषध वापरण्याआधी त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) नाही ना ते लेबलवर पाहा, ते कुत्र्याला विष आहे. गरज पडली तर अमॅन्टाडिन ३ ते ५ मिलिग्रॅम प्रति किलो रोज जोडतात. ट्रॅमाडॉलच्या गोळ्या कुत्र्यांत फार भरवशाच्या नाहीत. फक्त त्यावर विसंबू नका.

तिसरी, हाड विरघळणे रोखणारे औषध. झोलेड्रोनेट ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो, सलाईनमधून साधारण १५ मिनिटांत, दर चार आठवड्यांनी. ३० किलोला ३ मिलिग्रॅम, आणि ते ४ मिलिग्रॅमच्या बाटलीत मिळते. पॅमिड्रोनेट असेल तर १ ते २ मिलिग्रॅम प्रति किलो, पण दोन तासांत सावकाश. आधी मूत्रपिंडाची तपासणी हवीच. सगळ्यांना आराम पडत नाही, तरी पडतो त्यांच्यात फरक स्पष्ट दिसतो.

रेडिएशनने बहुतेक कुत्र्यांचे दुखणे एक-दोन आठवड्यांत कमी होते आणि दोन ते चार महिने आराम टिकतो. जनावरांसाठी ही सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी असल्याने त्यासाठी लांबचा प्रवास करायचा का हे कुत्र्याच्या अवस्थेवरून ठरवा. एक सावधगिरी आहे: दुखणे थांबले की कुत्रा धावतो, आणि कमकुवत हाड मोडते. आराम पडलेल्या कुत्र्यालाही पट्ट्यावरच ठेवायचे.

हळद, गोमूत्र, जडीबुटी, ‘कर्करोगाचा आहार’ यांनी ही गाठ थांबत नाही. वजन टिकेल इतके रोजचे जेवण द्या, आणि पैसे खऱ्या वेदनाशामकांसाठी राखा.

हाड मोडले तर

एखाद्या उडीत, कधी नुसते वळताना, कुत्रा किंचाळतो आणि पाय लोंबतो. त्या वेळी असे करा:

१. त्याला चालवू नका, पाय सरळ करू नका, घरच्या घरी काठ्या बांधू नका.
२. तोंडाला मऊ पट्टी बांधा. जिवाभावाचा कुत्राही अशा वेदनेत चावतो. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर बांधू नका.
३. जाड चादर किंवा फळी अंगाखाली सरकवून दोघांनी सपाट उचला, दुखरा पाय वर ठेवून.
४. नवी गोळी देऊ नका. दवाखान्यात आधी दिलेल्या औषधांची वेळ सांगा.

प्लास्टर घालून हे हाड जुळत नाही, कारण तिथे हाडच उरलेले नसते. पाय काढणे किंवा दयामरण, एवढेच पर्याय त्या दिवशी उरतात. म्हणून निदान झाले त्याच आठवड्यात घरच्यांनी बसून ‘मोडले तर काय’ याचे उत्तर ठरवून ठेवावे. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हेही.

थांबायची वेळ ओळखणे

अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ अॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. दुखणे आणि श्वास, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर पुढे जायला हरकत नाही. दर रविवारी घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग तुलना करावी. जो दिवसभर घरी असतो त्याचे गुण जास्त खरे असतात. बेरीज चांगली असली तरी तीनही औषधे पूर्ण मात्रेत चालू असताना दुखणे आवरत नसेल, तर तेवढे एक कारण पुरेसे आहे.

दयामरणात आधी गुंगीचे इंजेक्शन आणि मग शिरेतून औषध दिले जावे. हा क्रम डॉक्टरांना आधी विचारून घ्या. घरी येतील का, नंतरची व्यवस्था महापालिकेची की खासगी, हे प्रश्न त्या दिवसासाठी ठेवू नका.

मांजरांचे वेगळे आहे

मांजरात हा आजार कमी होतो, साधारण दहा वर्षांच्या आसपास, आणि मागच्या पायात जास्त. लंगडण्यापेक्षा ते उडी मारणे सोडते, कपाटावर चढत नाही, मातीच्या ट्रेच्या बाहेर लघवी करते. पसरण्याचे प्रमाण फक्त ५ ते १० टक्के असल्याने पायातली गाठ असेल तर पाय काढणे हाच बहुधा पुरेसा उपचार असतो, आणि त्यानंतर दोन वर्षे किंवा जास्त जगणारी मांजरे पुष्कळ आहेत. इथे पाय काढायला कचरू नका. तीन पायांचे मांजर कुत्र्यापेक्षाही लवकर सरावते.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. एकाहून अधिक बोटे सुजली, नखे वाकडी झाली तर बोट कापण्याआधी छातीचा एक्स-रे काढा. मांजरांत फुप्फुसातला कर्करोग बोटांच्या हाडांत येऊन बसतो, आणि बोट कापून काही साधत नाही. दुसरे, जबडा सुजला तर हाडाच्या कर्करोगापेक्षा तोंडातला स्क्वेमस सेल कर्करोग (आतल्या त्वचेसारख्या अस्तराचा) हाडात शिरलेला असण्याची शक्यता जास्त. त्याची बायोप्सी लवकर हवी.

औषधांत कुत्र्याची चिठ्ठी मांजराला चालत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारते. सिस्प्लॅटिन मांजरात फुप्फुसात पाणी भरून मृत्यू आणते, म्हणून किमो लागलीच तर कार्बोप्लॅटिन, तेही कुत्र्यापेक्षा कमी मात्रेत. मेलॉक्सिकॅमचे कुत्र्यांसाठीचे द्रव मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅमचे आणि मांजरांसाठीचे ०.५ मिलिग्रॅमचे असते. बाटली बदलली की तिप्पट डोस जातो. मूत्रपिंड तपासल्याशिवाय ते रोज देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर ब्युप्रेनॉर्फिन हे वेदनाशामक गालाच्या आतल्या बाजूला सोडले तरी लागू पडते, आणि गोळी गिळवताना होणारी झटापट वाचते. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे आणि वजन पाहत जावे. मांजराचे वजन एका महिन्यात पाव किलोने जरी उतरले, तरी पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून यावे.